पोरा नदीच्या पाणलोटातली पंचवीस वर्षे

रौप्य महोत्सवी स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने माझ्याकडे 'परिसराचा इतिहास' हा विषय सोपवला. संस्थेची नोंदणी, प्लॉटचं वाटप, रस्ते, विजेचे खांब, नळ ह्या सगळ्याचा वृत्तांत सचिवांच्या लेखात येणारच आहे. तोच पुन्हा सांगून पानं भरण्यापेक्षा, जिचा उल्लेख आपल्या पंचवीस वर्षांच्या एकाही वार्षिक अहवालात नाही तिच्याबद्दल लिहावं असं मी ठरवलं. ती म्हणजे पोरा नदी.

नाव वाचून आपल्या मुलानातवंडांपैकी काहींना प्रश्न पडेल की ही नदी आहे तरी कुठे? सहकारनगर, नरेंद्रनगर, पिपळा फाटा, नरसाळा, विहीरगाव अशी ती दक्षिण नागपुरातून वाहत जाते. पिपळा फाट्याच्या बाजूला जाताना जिथे आपण नाकाला रुमाल लावतो, तीच ती. महापालिकेच्या कागदपत्रांत ती कधी 'पोरा' असते तर कधी 'पोहरा'. आपल्या बोलण्यात मात्र ती फक्त 'नाला' असते. नागपूरच्या तीन नद्या सांगतात त्या नाग, पिवळी आणि पोरा. नाग अंबाझरीकडून येते, पिवळी गोरेवाड्याकडून येते, आणि तिसरी ही आपली. पहिलीने शहराला नाव दिलं असं मानतात. तिसरीला मात्र स्वतःचं नावसुद्धा धड टिकवता आलेलं नाही.

लेआउट पडण्याच्या वेळी मूळ हुडकेश्वर गावातले एक वृद्ध शेतकरी मला म्हणाले होते, "नाला नाही साहेब थे, नदी होय. थ्या डोहात आमी पोह्याले जात होतो." त्या वेळी मी ते म्हाताऱ्या माणसाची आठवण म्हणून ऐकून घेतलं. पुढे पाण्याविषयी वाचत गेलो तसा त्या वाक्याचा अर्थ कळू लागला. नदीचा नाला पात्रात होत नाही, तो आधी तिच्या पाणलोटात होतो.

पाणलोट म्हणजे काय?

पावसाचा थेंब ज्या जमिनीवरून घरंगळत किंवा जिच्या पोटातून झिरपत शेवटी एका नदीला मिळतो, ती सगळी जमीन म्हणजे त्या नदीचा पाणलोट. नदी म्हणजे फक्त दोन काठांमधलं पाणी असं आपण समजतो. पण ते पाणी येतं शेतांतून, छतांवरून, रस्त्यांवरून, मैदानांवरून. बँकेच्या भाषेत सांगायचं तर नदी हे चालू खातं आहे आणि पाणलोटातली जमीन ही मुदत ठेव. पावसाळ्यात जमिनीत जे मुरतं ते हिवाळ्या-उन्हाळ्यात थोडं थोडं झऱ्यांवाटे नदीला मिळत राहतं. मुरणं थांबलं की नदीला पावसाळ्यात पूर येतो आणि दिवाळीनंतर तिच्यात फक्त सांडपाणी उरतं. आज पोरा नदीची नेमकी हीच अवस्था आहे.

आता आपली जमीन आठवून पाहा. २००० साली संस्था स्थापन झाली तेव्हा हे शेत होतं. वर काळी माती, खाली मुरूम. शेताशेतांमध्ये धुरे होते. धुऱ्याचं काम फक्त हद्द दाखवण्याचं नसे, पाऊस पडला की तो पाणी अडवून धरायचा. मधून पांदण गेली होती. उन्हाळ्यात बैलबंडीचा रस्ता आणि पावसाळ्यात पाण्याची वाट, अशी ती दुहेरी कामाची होती. आग्नेय कोपऱ्यात शेतकऱ्याची विहीर होती, ती आजही आपल्या ओपन स्पेसमध्ये आहे. सातबारा, एनए, टीपी हे शब्द आपल्याला तोंडपाठ झाले, पण त्या नकाशात धुरा कुठे, पांदण कुठे, पाणी कुठून कुठे वाहतं, हे दाखवायची पद्धत नव्हती. लेआउट सपाट झाला. पांदणीवर डांबर आलं, पुढे सिमेंट आलं. अंगणात आधी शहाबादी फरशी आणि नंतर टाइल्स आल्या. हे एकट्या आपल्या संस्थेत झालं असं नाही. म्हाळगीनगरपासून पिपळ्यापर्यंत आणि बेशापासून नरसाळ्यापर्यंत शेकडो लेआउट असेच उभे राहिले. मध्यमवर्गीय माणसाला आपल्या ऐपतीत घर मिळालं ते ह्याच लेआउटमुळे, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण नदीच्या दृष्टीने पाहिलं तर तिची मुदत ठेव ह्याच काळात मोडली गेली.

२०१३ साल

हुडकेश्वर आणि नरसाळा ह्या ग्रामपंचायती २०१३ मध्ये नागपूर महापालिकेत आल्या. आपल्या संस्थेच्या इतिहासात हे वर्ष महत्त्वाचं आहे, कारण त्यानंतर आपण 'गाववाले' न राहता 'शहरवासी' झालो. योगायोग असा की त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात महापालिकेने नद्यांच्या स्वच्छतेचं अभियान सुरू केलं. आयुक्त श्याम वर्धने ह्यांच्या काळात हे काम हाती घेतलं गेलं. नाग, पिवळी आणि पोरा, तिन्ही नद्यांचे टप्पे पाडले. पोकलेन उतरले, गाळ निघाला. अनेक संस्था, उद्योग आणि नागरिक मदतीला आले. तेव्हापासून पावसाळ्यापूर्वी नद्या साफ करणं ही नागपूरची जवळपास रीतच झाली.

ह्या अभियानाचं मोल मी कमी करत नाही. पात्रात गाळ आणि झुडपं भरली असतील तर पुराचं पाणी घरात शिरतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. बचावकार्यासाठी लष्कर बोलवावं लागलं, माणसं दगावली. ज्यांनी ती पहाट पाहिली आहे ते पात्र मोकळं ठेवण्याला कधीच नावं ठेवणार नाहीत.

पण पोकलेन पात्र साफ करतो, पाणलोट साफ करत नाही. गाळ कुठून आला, सांडपाणी कुठून आलं, प्लॅस्टिक कोणी टाकलं, ह्याची उत्तरं काठापासून दूर, तुमच्या-माझ्या गल्लीत असतात. मोठमोठ्या योजनाही आहेत. नाग नदीच्या प्रदूषणमुक्तीचा दोन हजार कोटींच्या घरातला प्रकल्प केंद्राच्या राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून मंजूर झालेला आहे. मलवाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रं ही सरकारनेच करायची कामं आहेत, ती कोणतीही सोसायटी करू शकत नाही. मात्र पाणी मुरवणं, कचरा नाल्यात जाऊ न देणं आणि नदीवर लक्ष ठेवणं ही कामं सरकार आपल्या वतीने करू शकत नाही. ती लोकांनीच करायची असतात, आणि लोकांनी ती केली आहेत. पुढची तीन उदाहरणं त्यासाठीच देतो.

वैनगंगेच्या खोऱ्यातले तलाव

नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि पुढे पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणात जातं. १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते ह्या धरणाचं भूमिपूजन झालं, तेव्हा विदर्भाच्या हिरव्या शेताचं स्वप्न आपण सर्वांनी पाहिलं होतं. आज त्या जलाशयावर जलपर्णीचा थर आणि पाण्याला वास, अशा तक्रारी भंडारा जिल्ह्यातून सतत येतात. आपण बेसिनचा नळ सोडतो त्याची किंमत खालच्या गावातला मच्छीमार मोजतो.

ह्याच वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात, पाणलोट सांभाळण्याची जुनी परंपरा आहे. नोकरीच्या काळात माझी बदली त्या भागात झाली होती, तेव्हा गोंदिया हा वेगळा जिल्हा झालेला नव्हता. कर्जप्रकरणांच्या पाहणीसाठी मोटारसायकलवर हिंडताना एक तलाव संपला की दुसरा सुरू होई. लहान असेल तर बोडी, मोठा असेल तर तलाव. मातीची पाळ, पाणी सोडायला तुडुम आणि जास्तीचं पाणी जायला सांडवा. वरच्या तलावाचं पाणी खालच्याला आणि त्याचं पुढच्या बोडीला, अशी ओळच असे. अख्ख्या पाणलोटात पाणी पायरीपायरीने उतरवलेलं.

हे तलाव बांधण्याचा मान कोहळी समाजाकडे जातो. परंपरा सांगते की गोंड राजांनी त्यांना इथे वसवलं, आणि जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन दिली. नवेगाव बांध हा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पटेल कोहळी ह्यांनी बांधला. पुढे हे सगळे 'मालगुजारी तलाव' म्हणून ओळखले जाऊ लागले. पाळीची डागडुजी, गाळ काढून शेतात टाकणं, तुडुम उघडण्याचा दिवस ठरवणं ही कामं गावच करत असे. फायदा आणि जबाबदारी एकाच हातात होती.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. १९५१ मध्ये, म्हणजे माझ्या जन्माच्या वर्षी, तलाव सरकारकडे आले. जमीनदारी संपली हे योग्यच झालं, पण तलावाच्या वहीत एक नोंद चुकली. मालक बदलला आणि सांभाळणारा कोण हे कुठेच लिहिलं गेलं नाही. गावाला वाटलं आता हे खात्याचं काम, आणि खात्याकडे हजारो तलाव. गाळ साचला, पाळी खचल्या, पाण्यात बेशरम माजली.

ह्या तलावांना पुन्हा जीव देण्याचं काम अलीकडच्या काळात ज्यांनी केलं त्यांत मनीष राजणकर ह्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कामाचं नाव घ्यावं लागेल. त्यांनी सुरुवात केली ती धिवर समाजाच्या माहितीपासून. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या धिवरांना कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतीत अंडी घालतो हे ठाऊक होतं. रोहू-कटल्याचं बाहेरून आणलेलं बियाणं सोडलं की उत्पन्न मिळतं, पण स्थानिक मासे कमी होत जातात, कारण त्यांना लागणाऱ्या वनस्पतीच तलावात उरलेल्या नसतात. म्हणून अर्जुनी मोरगाव तालुक्यात मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासदांनी तलावातली बेशरम उपटली, तळ नांगरला आणि त्यात स्थानिक पाणवनस्पती लावल्या. मग मासे परतले आणि पक्षीही आले. निमगावच्या शालू कोल्हे ह्यांनी धिवर स्त्रियांना ह्या कामात संघटित केलं. एरवी मासे विकणं बाईचं आणि तलावाचे निर्णय पुरुषांचे, अशी वाटणी असायची. ती बदलली.

त्या संस्थाही सहकारीच, हे मुद्दाम सांगतो. आपल्यासारखंच त्यांचं भागभांडवल, त्यांचं इतिवृत्त, त्यांची सर्वसाधारण सभा. ह्या कामात त्यांना कोणी मानधन देत नव्हतं. तलाव जगला तर आपण जगू, एवढा साधा हिशेब होता.

पाण्याचा ताळेबंद

दुसरं उदाहरण दुष्काळी भागातलं आहे. १९७२ चा दुष्काळ आपल्या पिढीला विसरता येणार नाही. मिलो खाल्लेले लोक अजून आपल्यात आहेत. त्या दुष्काळात पुण्याचे एक इंजिनिअर-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरले. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी माणसं पाहून त्यांना प्रश्न पडला की हेच हात पाणी अडवायला का लावू नयेत? नायगावला देवस्थानची चाळीस एकर माळजमीन भाड्याने घेऊन त्यांनी बांधबंदिस्ती, पाझर तलाव आणि विहीर ह्यांचा प्रयोग केला. त्यातून 'पाणी पंचायत' उभी राहिली. तिचे नियम आजही वाचण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने वाटायचं, म्हणजे माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चात शेतकऱ्याने आपला वाटा घालायचा. साळुंखे २००२ मध्ये गेले, पण पाणी ही वाटून घ्यायची ठेव आहे हा विचार त्यांनी महाराष्ट्राला दिला.

त्या विचाराचं सर्वांना माहीत असलेलं रूप म्हणजे अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे गाव आदर्श गाव योजनेत आलं. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान हे आपण ऐकलेलं असतं. मला बँकवाला म्हणून जास्त आवडतो तो त्यांचा पाण्याचा ताळेबंद. गावात पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात. जमिनीत किती पाणी आहे, पिण्याला आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्यात कोणती पिकं घेता येतील, हे ग्रामसभेसमोर मांडतात आणि मग पिकं ठरतात. शिल्लक नसेल तर उचल नाही. शेतीसाठी बोअर मारायचा नाही हाही नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतला.

आपण शहरवासी ह्यावर हसतो, की ते खेडं आहे, त्यांना जमतं. पण माझ्या मते फरक खेड्या-शहराचा नाही. त्यांनी पाणी मोजलं, आपण मोजलं नाही. बोअरला पाणी लागेनासं झालं की आपण आणखी शंभर फूट खाली जातो. हे ओव्हरड्राफ्टवर घर चालवण्यासारखं आहे.

पुण्याचे काठ

तिसरं उदाहरण खास शहरी माणसांचं आहे. पुण्याच्या मुळा, मुठा, राम ह्या नद्यांची अवस्था आपल्या नद्यांपेक्षा फार वेगळी नाही. तिथे २०१४ मध्ये 'जीवितनदी' नावाची संस्था काही नागरिकांनी सुरू केली. नोकरी-धंदा-घर सांभाळणारी माणसं. त्यांनी अख्खी नदी साफ करायची घोषणा केली नाही. 'दत्तक घेऊ या नदीकिनारा' असा उपक्रम घेतला. मुठेवर विठ्ठलवाडीचा काठ, औंधला राम आणि मुळा नद्यांच्या संगमाचा काठ, असा नदीचा एखादा तुकडा आपला म्हणायचा आणि तिथे नेमाने जायचं. कचरा उचलायचा, झाडं आणि पक्षी ओळखायचे, मुलांना न्यायचं, पाण्यात काय बदललं ते पाहायचं. लोकांना नदीकाठाने चालवत तिचा इतिहास सांगायचा.

त्यांच्या कामातली दुसरी गोष्ट आपल्या घरच्या मंडळींना जास्त पटेल. नदीतल्या विषाचा मोठा वाटा स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातून जातो, हे ते समजावून सांगतात. कपड्याची पावडर, फरशीचं ॲसिड, भांड्याचा साबण. शुद्धीकरण केंद्र कितीही चांगलं असलं तरी सगळी रसायनं त्यात निघत नाहीत. म्हणून आधी घरात काय आणतो ते बदला, असा त्यांचा आग्रह असतो. रिठा, शिकेकाई, लिंबू ह्यांचा वापर आपल्या आज्यांना सांगावा लागत नव्हता.

ह्या तिन्ही ठिकाणांत मला एक साम्य दिसतं. तिथे कोणी एका दिवसाची मोहीम काढून, फोटो काढून घरी गेलं नाही. काम लहान होतं, ठरलेलं होतं आणि परत परत होत होतं. आणि त्याची कुठेतरी नोंद होत होती, मग ती सहकारी संस्थेच्या वहीत असो, ग्रामसभेच्या फळ्यावर असो की कार्यकर्त्यांच्या टिपणवहीत.

आपली विहीर

आता आपल्या घरच्या विषयावर येतो. रौप्य महोत्सवी निधीतून काय करावं ह्यासाठी जे प्रस्ताव आले आहेत, त्यांत ओपन स्पेसमधली जुनी विहीर बुजवून तिथे पेव्हर ब्लॉक बसवावेत आणि समोर कमान उभारावी, असा एक प्रस्ताव आहे. तो मांडणाऱ्यांची कारणं खरी आहेत. विहिरीवर झाकण नाही, मुलं तिकडे खेळतात, पावसाळ्यात डास होतात, गणपतीनंतरचं निर्माल्य कोणीतरी तिच्यात टाकून जातं. ज्यांच्या घराची खिडकी तिकडे उघडते त्यांना हा त्रास रोजचा आहे. तरीही मी ह्या प्रस्तावाच्या विरोधात मत देणार आहे, आणि का ते इथे लिहून ठेवतो.

साधं गणित करू. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. आपल्याकडच्या साधारण घराचं छत हजार चौरस फूट, म्हणजे त्र्याण्णव चौरस मीटर. नागपूरला वर्षाचा सरासरी पाऊस हजार मिलिमीटरच्या वर आहे, आपण हजारच धरू. म्हणजे एका छतावर त्र्याण्णव हजार लिटर. उडून जाणारं, सुरुवातीचं धुळीचं सोडून द्यायचं, असं सगळं वजा केलं तरी पंचाहत्तर हजार लिटर उरतात. पाच हजार लिटरचे पंधरा टँकर! उन्हाळ्यात एकेका टँकरसाठी आपण कसे फोन लावत बसायचो ते जुन्या सभासदांना आठवत असेल. अशी पन्नास घरं धरली तर साडेसदतीस लाख लिटर पाणी. आज ते सगळं गटारीतून तासाभरात पोरा नदीत जातं, पुराला भर घालतं, आणि मे महिन्यात आपल्या बोअरला त्यातला थेंबही मिळत नाही.

कायदा आपल्याला हे करायला भाग पाडत नाही. राज्याच्या बांधकाम नियमावलीत पाऊसपाणी साठवण्याची सक्ती आहे ती पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या बांधकामांना. आपले बहुतेक प्लॉट पंधराशे चौरस फुटांचे, म्हणजे एकशे चाळीस चौरस मीटरसुद्धा नाहीत. दक्षिण नागपूर बहुतांशी अशाच लहान प्लॉटांनी भरलेलं आहे. म्हणजे पोरा नदीच्या पाणलोटाचा मोठा भाग नियमाच्या जाळीतून खाली निसटतो. तिथे काही व्हायचं असेल तर ते लोकांच्या मनावर आहे.

त्यामुळे माझी सूचना अशी आहे. विहिरीला मजबूत लोखंडी जाळी आणि कुलूप बसवावं, खाली डास अडवणारी बारीक जाळी लावावी. विहिरीतला गाळ एकदा काढावा. पहिल्या वर्षी विहिरीजवळच्या आठ-दहा घरांच्या छतांचं पाणी पाइपने एकत्र आणून मोठे दगड, गिट्टी आणि रेतीच्या गाळणी-खड्ड्यातून विहिरीत सोडावं. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर काढून द्यावं. अंगण धुतलेलं, गाडी धुतलेलं किंवा मोरीचं पाणी कोणत्याही परिस्थितीत विहिरीत जाता कामा नये. ह्यात ढिलाई झाली तर विहीर नसलेली बरी. ज्यांना विहिरीपर्यंत पाइप आणणं शक्य नाही त्यांनी अंगणात शोषखड्डा करावा आणि निदान चार फूट माती उघडी ठेवावी. कमानीला माझा विरोध नाही, पैसे उरले तर कमानही करू.

आणि एक रजिस्टर ठेवावं. राज्याची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. आपणही त्याच महिन्यांत मोजू. दोरीला वजन बांधून जमिनीपासून पाणी किती फुटांवर आहे ते लिहायचं, सोबत पर्जन्यमापकातला पाऊस. हे काम नववी-दहावीच्या मुलांकडे द्यावं, त्यांना ते आवडेल. वार्षिक सभेत जमाखर्चाच्या पत्रकाबरोबर पाण्याचंही पत्रक वाचलं जावं. महिन्यातून एका रविवारी सकाळी एक तास, ज्यांना जमेल त्यांनी, आपल्या बाजूच्या नदीकाठाच्या दोनशे पावलांचा फेरा करावा. काय दिसलं, कुठे कचरा पडतोय, कुठली गटार फुटली आहे, ते लिहावं आणि झोन कार्यालयाला कळवावं. अर्जावर संस्थेचा शिक्का आणि तारखेनिशी नोंद असली की तो एकट्या माणसाच्या तक्रारीपेक्षा वजनदार होतो, हे चाळीस वर्षं टेबलाच्या पलीकडे बसल्यामुळे मला ठाऊक आहे.

एवढ्याने पोरा नदी स्वच्छ होईल का? नाही. तिच्या पाणलोटात आपल्यासारख्या शेकडो संस्था आहेत आणि मलवाहिन्यांचं काम व्हायचं आहे. पण गोंदियाच्या खेड्यात पहिल्या तलावातली बेशरम उपटली गेली तेव्हा बाकीचे हजारो तलाव तसेच होते. शेजारच्या लेआउटला दाखवायला आपल्याकडे एक विहीर आणि एक वही असली तर पुढचं बोलणं सोपं जाईल.

बऱ्याच जणांनी मला विचारलं की ह्या वयात हे रजिस्टर कोण सांभाळणार? पहिली पाच वर्षं मी सांभाळतो, प्रकृतीने साथ दिली तर. माझ्यासोबत शिकायला दोन मुलं आणि दोन मुली हव्यात. विहिरीच्या प्रस्तावावर येत्या सर्वसाधारण सभेत मतदान आहे. सर्व सभासदांनी, आणि विशेषतः एरवी सभेला न येणाऱ्या भगिनींनी, अवश्य यावं. सभेच्या आधी पाण्याची पातळी एकदा मोजून ठेवावी म्हणतो, म्हणजे रजिस्टरच्या पहिल्या ओळीत लिहायला आकडा तयार असेल.